आत्तींची गहूबंदी

आमच्या आत्तींनी आजवर जेवढ्या गोष्टींवर बंदी घातली, तेवढ्या गोष्टींवर कुठल्या सरकारनेसुद्धा घातली नसेल. आणि सरकारी बंदीचं काय हो, पानपट्टीच्या मागे गेलं की हवं ते मिळतं. आत्तींची बंदी पाळली जायची. आत्ती म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. राहायला हुपरीत, एकट्या, स्वतःच्या दोन खोल्यांत. पोटापाण्याला चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडण्याचं काम. पण राज्य मात्र आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेच्या घरावर. महिन्यातून एकदा हुपरीची एसटी धरून त्या यायच्या आणि पायरीवरूनच हाळी द्यायच्या, "मी आलो गं!" आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, 'आलो, गेलो, बसलो'. पण आत्तींचं 'आलो' ऐकलं की पेपर वाचणारे मामंजी, म्हणजे माझे सासरे, पाय खाली घेऊन ताठ बसायचे. मामंजी एके काळचे पैलवान. मैदानात भल्याभल्यांना चितपट केलेला माणूस, अजून मिशीला पीळ आहे. पण बहिणीसमोर त्यांची मिशीसुद्धा खाली बघायची.

बंदीचे विषय कधी संपले नाहीत. फ्रीजचं पाणी बंद, कारण ते नरडं धरतं. दारासमोरचा आरसा बंद, कारण आल्यागेल्याची नजर उलटून घरात येते. आणि प्रेशर कुकर बंद, त्याचं कारण तर मला अजून पाठ आहे. "जे भांडं सोत्ताच किंचाळतंय, त्यातलं खाऊन माणूस गप कसा ऱ्हाईल?" एवढं बोलून त्यांनी कुकरची शिट्टी काढली, कनवटीला लावली आणि हुपरीला घेऊन गेल्या. नवऱ्याने गुपचूप दुसरी आणली. पुढच्या खेपेला तीही गेली. त्यांच्या फडताळात पैंजणांच्या डब्याशेजारी आमच्या कुकरच्या शिट्ट्या ठेवलेल्या मी स्वतः बघितल्या आहेत. एकदा मी धीर करून म्हटलं, "आत्ती, डाळ शिजायला तास लागतो हो." त्या म्हणाल्या, "मग लागू दे की. तास वाचवून तू काय विमान चालवणार हाईस?"

पण सगळ्यात गाजली ती गहूबंदी, आणि तिला कारण मी.

तसं लपवण्यासारखं त्यात काही नाही. पाळी यायच्या आधीचे चार-पाच दिवस माझ्यात एक दुसरीच बाई वस्तीला येते. पोट फुगतं, छाती दुखते, अंग जड होतं, हे झालं शरीराचं. पण मनाचं काय सांगू? भाजीवाल्याने कोथिंबीर दिली नाही म्हणून मला रडू फुटायचं, आणि दिली तर दया दाखवतोय का हा, असं वाटून जास्त फुटायचं. शाळेत मी गणित शिकवते. त्या दिवसांत मुलं सरळ 'बाई, आज रिव्हिजन घ्या' म्हणायची, इतकी ती शहाणी झाली होती. घरी सगळा राग नवऱ्यावर. तो बोलला तर का बोलला, गप्प राहिला तर का गप्प राहिला. आणि हे सगळं शिगेला पोचलं की माळ्यावरची निळी बॅग खाली यायची. साड्या कोंबायच्या, चेन लागत नाही म्हणून बॅगेवर बसायचं आणि जाहीर करायचं, "मी आजऱ्याला चालले." आजरा माझं माहेर. मग नवऱ्याने विनवायचं, मामंजींनी दारात खुर्ची टाकून बसायचं आणि दुसऱ्या दिवशी पाळी आली की मी साड्या परत घड्या करून कपाटात लावायच्या. आज हसून सांगतेय, पण तेव्हा हसू येत नव्हतं. मला मनापासून वाटायचं की एक दिवस मी निघेन आणि परत येणार नाही. एका महिन्यात नवराही न चिडता म्हणाला, "थांबवून थांबवून मी दमलो गं. पुढच्या वेळी जायचंच असेल तर जा." तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. शांतपणे बोलला म्हणून मी घाबरले.

नेमकी त्याच दिवशी आत्तींची स्वारी आली. बॅग कोपऱ्यात तशीच पडलेली. त्यांनी एकदा बॅगेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. आत्ती बोलल्या नाहीत, ही गोष्ट आमच्या घरात भूकंपासारखी. चहासुद्धा न घेता त्या उलट्या पावली हुपरीला गेल्या. चारच दिवसांनी परत आल्या त्या डोक्यावर जोंधळ्याचं पोतं घेऊन. म्हणजे डोक्यावर स्टँडवरच्या हमालाच्या, पण हुकूम त्यांचा. पोतं आपटलं आणि म्हणाल्या, "सापडलं. गहू!"

झालं होतं असं, की नवऱ्याने हौसेने घेऊन दिलेल्या मोबाइलवर आत्ती घुंगरं जोडता जोडता व्हिडिओ ऐकायच्या, तेही सगळ्या गल्लीला ऐकू जातील एवढ्या आवाजात. त्यात कुणा बाईंनी सांगितलं होतं की गव्हात ग्लूटेन नावाचा एक चिकट पदार्थ असतो, आणि तो बंद केला की पाळीच्या आधीची चिडचिड, सूज, रडारड सगळं पळून जातं. आत्तींना हे एकदम पटलं. "तू आजऱ्याची. घनसाळ भातावर वाढलेली पोर. तुला आम्ही चपातीच्या घरात आणली आन् वर इचारतोय, ही फुगती का म्हणून!" नवरा हसला. हसायला नको होतं. आत्तींनी त्याला हाताला धरून मोरीत नेलं, माझ्या परातीतला मळलेल्या कणकेचा गोळा उचलला आणि नळाखाली धरून चोळायला लागल्या. पांढरं पाणी वाहून गेलं, वाहून गेलं, आणि शेवटी हातात उरला एक करडा, रबरासारखा ताणणारा लगदा. तो त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर थापला. "बघ. झटक आता." त्याने झटकला, तो गेला नाही. "तुझ्या बायकोच्या डोस्क्यात हेच बसलंय. आन् तू हसतोयस!" बिचारा दिवसभर बोटं एकमेकांना घासत होता.

आता कुणालाही वाटेल की गहू बंद झाला तो माझा. छे! आत्तींच्या कायद्यात अशी सूटबीट नसते. गहू बंद झाला तो अख्ख्या घराचा. पाळीच्या आधीचा आठवडा आला की आत्ती मुक्कामाला यायच्या आणि चपाती, पाव, खारी, बटर, बिस्किट, शेवया, सगळं घरातून हद्दपार व्हायचं. तो आठवडा त्यांना कसा कळायचा, तर कॅलेंडर बघून नव्हे. रोज सकाळी फोन करायच्या आणि म्हणायच्या, "बोलू नगोस, भांडी घास." मी भांडी आपटते कशी, यावरून त्या ठरवायच्या आणि दुपारच्या एसटीने हजर व्हायच्या. मग तीन दगडांची चूल मांडावी तशा ओट्यापुढे पाय रोवून भाकऱ्या थापायच्या. मला ओट्याजवळ येऊ द्यायच्या नाहीत. "तू बस. आज तुझं डोकं तुझं न्हाय." नवऱ्याला डब्यात भाकरी, मामंजींना चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू.

मामंजींचे फार हाल झाले. सकाळची मिसळ हा त्यांचा कुस्तीनंतरचा एकमेव धर्म. मिसळीवर बंदी नव्हती, पण आपल्याकडे मिसळ खायची ती ब्रेडच्या स्लाइसबरोबर, आणि नुसता कटाचा रस्सा पिऊन पैलवानाचं भागतंय होय? एकदा ते 'रंकाळ्यावर फिरून येतो' म्हणून गेले आणि तासाभराने अगदी निष्पाप चेहऱ्याने परत आले. आत्तींनी त्यांना उजेडात उभं केलं आणि मिशीतून ब्रेडचा एक कण चिमटीत धरून बाहेर काढला. घुंगराचा बारीक डोळा ज्यांना दिसतो त्यांना मिशीतला ब्रेड दिसणार नाही? "आक्का, एकच स्लाइस," मामंजी म्हणाले. "सुनंचं घर मोडायला एकच पुरं हाय," आत्ती म्हणाल्या. सत्तरीकडे झुकलेला तो पैलवान खरोखरच कान धरून उभा राहिला.

मधल्या काळात मी डॉक्टरीणबाईंकडे गेले, आणि आत्ती सोबत आल्याच. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गहू सोडल्याने हा त्रास कमी होतो, असं ठामपणे सांगता येत नाही. काहींना गहूच सोसत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यासाठी रक्ताची तपासणी असते, ती करून बघू. बाकी झोप नीट घ्या, रोज चाला, आणि त्रास हाताबाहेर जात असेल तर औषधं आहेत. लाजू नका, अंगावर काढू नका." आत्तींनी मान डोलावली आणि विचारलं, "डाक्टरीनबाई, तुमी सोत्ता काय खाताय? भाकरी का चपाती?" त्या म्हणाल्या, "चपाती." आत्ती माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल." पुढे तपासणीत काही निघालं नाही. म्हणजे गव्हाचा आणि माझा काही झगडा नव्हता. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. बॅग दोन-तीन महिने माळ्यावरच राहिली.

आणि यात गंमत अशी, की गहूबंदीच्या त्याच आठवड्यात आत्ती हटकून एक दिवस खिरीचा करायच्या. खीर कशाची, तर खपलीची! रात्रभर भिजवलेली, कांडलेली खपली, भरपूर गूळ, खोबरं, खसखस, सुंठ. मी पहिल्यांदा वाटी बघितली तेव्हा म्हटलं, "आत्ती, खपली म्हणजे गहूच ना?" आत्ती माझ्यावर केवढ्यांदा खेकसल्या. "गहू म्हंजे त्यो दुकानातला. खपली म्हंजे खपली!" "अहो, पण त्यातही ते चिकट असतंच." "तुला सांगितलं न्हवं, खपली म्हंजे खपली!" मामंजींनी ताबडतोब बहिणीची बाजू घेतली. "अगं, गहू वेगळा आणि खपली वेगळी. आमच्या वडिलांनी दोन्ही पेरलंय." बोलता बोलता त्यांची दुसरी वाटी संपत आलेली. नवऱ्यानेही वाटी पुढे केली. मी एकटी किती भांडणार? मीही खाल्ली. चारचौघांत ग्लूटेन सोडून खपलीची खीर ओरपणारं घर अख्ख्या जिल्ह्यात आमचंच असेल.

मग लग्नसराई आली. हुपरीत पैंजणांच्या ऑर्डरी पडल्या आणि आत्तींना एका महिन्यात यायला जमलं नाही. फोनवर भांडी वाजवून झाली, पण "दोन दिसानं येतो" म्हणाल्या. त्याच संध्याकाळी नवरा खारीचा पुडा घेऊन आला, आणि सुट्टी लागलेल्या पोरासारखा म्हणाला, "आत्ती नाहीत म्हणजे नियम नाहीत!" एवढंच. खारी काय हो, पिठाची पापडी ती. पण मला वाटलं, म्हणजे इतके दिवस हे सगळं आत्तींच्या धाकाने चाललं होतं. माझ्यासाठी काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग खाली आली. या वेळी चेन आपोआप लागली. नवरा विनवायला उठला नाही आणि मामंजींनी दारात खुर्ची टाकली नाही. मी सरळ रिक्षा करून स्टँडवर गेले.

आजऱ्याची गाडी नेहमीप्रमाणे लागायची होती. मी बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसले आणि पदर तोंडात कोंबून रडत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. समोर हुपरीची एसटी लागली आणि तिच्यातून आत्ती उतरल्या. पोतं नाही, पिशवी नाही, घरातलं कामाचं लुगडं, आणि बोटांच्या चिरांत चांदीची काळी घाण तशीच. मागाहून कळलं, मामंजींनी मी उंबरा ओलांडताच फोन केला होता, "आक्का, ही निघाली." जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतः बहिणीला फोन लावला होता. आत्ती माझ्या शेजारी येऊन बसल्या. घरी चल म्हणाल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत.

माझ्या मांडीवरच्या बॅगेकडे बघून म्हणाल्या, "मी बी आसाच बसलोतो स्टँडवर. पर मी निघून न्हवतो आलो. मला सोडून गेलते." आत्तींचा संसार का मोडला, हे आमच्या घरात कुणी कधी बोलत नाही. "म्हयन्यातनं एकदा माझं डोकं फिरायचं. तुझ्यावाणीच. भांडी फेकायचो, रडायचो. सासू म्हणाली, हिच्या अंगात येतंय. जोतिबाला चालवत नेलं. देवरशाकडं नेलं. त्यानं लिंबू उतरला, धुरी दिली, झिंज्या धरून इचारलं, तू कोण हाईस म्हणून. बाई, तुला कुटं दुखतंय, आसं कुणीबी इचारलं न्हाय. मग एक दिस दीर स्टँडवर बसवून गेला. जाताना पायातली पैंजणं तेवढी काढून घेतली." त्यांनी आपली काळवंडलेली बोटं बघितली. "तवापासनं पैंजणंच करतोय बघ. लोकांची."

काहीतरी बोलायचं म्हणून मी डोळे पुसत म्हटलं, "आत्ती, खपली गहूच असतो हो."

"मग? म्हाईत न्हाय व्हय मला? माझ्या बापाच्या रानात काढलाय मी."

"मग एवढी बंदी कशाला घातली?"

"काय तरी बंद करायचं हुतं. त्या बाईनं गहू म्हटलं, मी गहू धरला. तिनं वांगं म्हटलं आसतं तर वांगं धरलं आसतं." मग माझ्या मांडीवरची बॅग ओढून स्वतःच्या मांडीवर घेत म्हणाल्या, "औषध तुला एकटीला दिलं आसतं तर घरात तू एकटीच आजारी झाली आसतीस की गं. सगळ्यांनी तुझ्यापायी काय तरी सोडायला पायजे हुतं. माझ्यापायी चपातीचा तुकडा बी कुणी सोडला न्हाय."

तेवढ्यात नवरा आला. धावत आला होता, शर्टावर, कोपरापर्यंत, भुवईवरसुद्धा पीठ. भाकऱ्या करायला बसला होता म्हणे, माझ्या रागावर उतारा म्हणून. पहिली तव्यावर मोडली, दुसरी अर्धी ओट्यावर राहिली, तिसरी थापता थापता मामंजी त्याच्यावर ओरडले, "भाकरी ऱ्हाऊ दे, आधी बायको आण!" आत्तींनी त्याचा हात नाकाशी धरून हुंगला. "जोंधळंच हाय," त्या म्हणाल्या. "ऊठ गं." आजऱ्याची गाडी लागली होती. ती आमच्याविना गेली.

त्यानंतर मी डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकलं, चालायला लागले, गरज पडली तेव्हा गोळ्याही घेतल्या. त्रास पुरता गेला नाही, पण आता तो येतो तेव्हा घरात सगळ्यांना माहीत असतो. गहूबंदी सुरू आहे. तिचा उपयोग नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती मोडायची कुणाची छाती नाही. निळी बॅगही महिन्याला खाली येतेच, पण आजकाल ती हुपरीला जाते. आत्तींचे गुडघे आता एसटीची पायरी चढत नाहीत. म्हणून मीच पीठ, भाजी, आणि खपलीची खीर घेऊन जाते.

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी गेले तर एका डोळ्याला पट्टी, आणि घुंगरांचा डबा पायाशी झाकून ठेवलेला. मी खीर भरवत होते. घरची खबरबात विचारून झाली. मी म्हटलं, "मामंजींनी मिसळ सोडलीय."

"का? पोट बिघाडलं?"

"तुमच्यासाठी. आक्काला नीट दिसेपर्यंत शिवणार नाही म्हणालेत."

"कोण, त्यो?" आत्तींनी माझा चमच्याचा हात धरला. "माझ्यापायी?"

"तुमच्यापायी."

"ब्रेड खात आसंल चोरून," त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. मी पदराने त्यांचा उघडा डोळा टिपला, त्यांचा हात पट्टीकडे जाऊ नये म्हणून. वाटी संपली. मी निघाले, चप्पल पायात घातली, तेव्हा मागून त्यांनी हाक मारली.

"आगं, पट्टी उद्या काढत्यात. दिसाय लागलं की त्याला सांग, खा म्हणावं." मी बरं म्हटलं. मी उंबऱ्यापाशी पोचले तशा त्या म्हणाल्या, "न्हायतर नगं सांगू लगीच. दोन दीस ऱ्हाऊ दे की तसंच."